बदललेल्या जुन्या गाडीला मागचे शॉकअब्सॉर्बर बसवताना: प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण

मुंबईतली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली, पण खाजगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट ११०० अजूनही महाराष्ट्रभर आहेत. त्यांतल्या अनेक गाड्या आता मूळ स्वरूपात राहिलेल्या नाहीत. कुणी पाट्यांची (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांची) कमान कमी करून गाडी खाली बसवली आहे, कुणी रुंद रिम घातल्या आहेत, तर कुणी १०८९ सीसीचे मूळ इंजिन काढून जास्त ताकदीचे इंजिन आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या गाडीचा, मागची दोन्ही चाके जोडणारा अ‍ॅक्सल बसवला आहे. या सगळ्या कामांत मागच्या शॉकअब्सॉर्बरचा, म्हणजे पाट्यांचे झुलणे थांबवणाऱ्या नळ्यांचा, विचार बहुधा शेवटी होतो. गाडी रंगून तयार झाल्यावर दुकानात जे मिळेल, ज्याच्या डोळ्यातून (टोकाच्या कड्यातून) बोल्ट जाईल आणि जे ओढूनताणून दोन टोकांच्या मध्ये मावेल, ते बसवले जाते.

असे बसवलेले शॉकअब्सॉर्बर काही महिन्यांत गळू लागतात किंवा त्यांचे बुश (डोळ्यातले रबरी अस्तर) फाटतात, आणि क्वचित वरच्या टोकाचा पत्राच उपटून येतो. दोष बहुतेक वेळा शॉकअब्सॉर्बरचा नसतो; त्याला मिळालेल्या जागेचा असतो. म्हणून या लेखात कामाचा क्रम उलटा धरला आहे: आधी अ‍ॅक्सल किती आणि कसा हलतो ते मोजायचे, त्यावरून दोन्ही टोकांच्या जागा ठरवायच्या, आणि शॉकअब्सॉर्बर सगळ्यात शेवटी विकत घ्यायचे. पद्मिनी हे उदाहरण आहे. मागे पाटे आणि अखंड अ‍ॅक्सल असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला हीच रीत लागू पडते.

ग्राइंडर हातात घेण्यापूर्वी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ कायम केला. त्याशिवाय २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात असलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच त्यात बसते. साठच्या दशकातल्या फियाट ११०० आणि सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. तेव्हा तुमच्या गाडीचे इंजिन आणि बॉडी मूळ असेल, तर केवळ शॉकअब्सॉर्बरसाठी तिच्या खालच्या पत्र्यावर गॅसकटर चालवू नका. बोल्टने बसणारी आणि पुन्हा काढता येणारी ब्रॅकेट करा. इंजिन किंवा अ‍ॅक्सल बदलण्याचा विचार असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी आरटीओकडे लेखी विचारणा करून घ्यावी.

दुसरी गोष्ट गाडीच्या रचनेची. पद्मिनीला जीपसारखी वेगळी, जाड पट्ट्यांची चॅसिस नाही. तिची बॉडी हीच तिची चॅसिस आहे आणि मागच्या बाजूला जो आधार मिळतो तो पत्रा दुमडून केलेल्या पोकळ पेटी-भागांचा. इतक्या वर्षांत कोकणातली किंवा मुंबईतली दमट हवा खाल्लेल्या गाडीत या पेटीच्या आतला पत्रा बाहेरून दिसतो त्यापेक्षा पुष्कळ पातळ झालेला असू शकतो. टोकदार हातोडीने किंवा टोच्याने सगळीकडे ठोकून पाहा. जिथे आवाज बद्द येतो किंवा टोक आत जाते तिथला पत्रा आधी बदलला पाहिजे, कारण शॉकअब्सॉर्बरचे वरचे टोक दर खड्ड्याला त्या जागेला धक्का देणार आहे.

गाडी कुठे उभी राहते ते आधी ठरवा

शॉकअब्सॉर्बर गाडीचे वजन पेलत नाही. ते काम पाट्यांचे. त्यामुळे पाट्यांचे काम पूर्ण झाल्याशिवाय मोजमाप घेण्यात अर्थ नाही. नवीन किंवा कमान बदललेले पाटे पहिल्या काही दिवसांत थोडे बसतात, म्हणून गाडी शक्यतो जुन्या शॉकअब्सॉर्बरवरच थोडी चालवून घ्यावी. मग सपाट फरशीवर गाडी उभी करावी, टायरमध्ये नेहमीची हवा ठेवावी, टाकी साधारण अर्धी भरावी आणि पुढच्या सीटवर दोन माणसे बसवावीत. या अवस्थेत मागच्या रिमच्या कडेपासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे उभे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवा. या आकड्याला पुढे आपण स्थिर उंची म्हणू. यानंतर मागे तीन माणसे बसवून आणि डिकीत सामान ठेवून तेच अंतर पुन्हा मोजा. भरलेली गाडी किती खाली येते हे कळले नाही, तर वर जाण्याची चाल (हलण्याचे अंतर) हमखास कमी पडते.

गाडी खाली कशी बसवली आहे यावरही बरेच अवलंबून असते, आणि इथे अनेकांची गल्लत होते. पाट्यांची कमान कमी केली असेल, तर यू-बोल्टच्या (पाटा आणि अ‍ॅक्सल एकत्र आवळणाऱ्या बोल्टच्या) खालची प्लेट आणि बॉडी यांतले अंतर कमी होते, म्हणून प्लेटवर खालचे टोक असलेला शॉकअब्सॉर्बर स्थिर उंचीलाच जास्त दबलेला राहतो. अ‍ॅक्सल पाट्याच्या वर असलेल्या गाडीत पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्या मध्ये ठोकळा घालून गाडी खाली आणली असेल, तर पाट्याचा आकार बदलत नाही. प्लेट आणि बॉडी यांतले अंतर पूर्वीइतकेच राहते. अशा गाडीत शॉकअब्सॉर्बरची स्थिर लांबी मूळचीच असते, पण अ‍ॅक्सल बॉडीच्या जवळ गेलेला असतो आणि प्लेट जमिनीच्या जवळ आलेली असते. ब्रॅकेट थेट अ‍ॅक्सलच्या नळीवर असेल, तर मात्र ठोकळ्यानेही लांबी कमी होते. म्हणजे दोन गाड्या सारख्याच उंचीच्या दिसत असल्या, तरी त्यांना लागणारे शॉकअब्सॉर्बर वेगळे असू शकतात. शेजाऱ्याच्या गाडीला बसलेला भाग क्रमांक विचारून घेण्यापेक्षा मोजपट्टीवर भरवसा ठेवलेला बरा.

अ‍ॅक्सलची चाल मोजणे

हा या कामाचा गाभा आहे आणि त्याला निवांत अर्धा दिवस द्यावा.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागची बॉडी जॅकने उचलून पाट्यांच्या पुढच्या टोकाजवळच्या मजबूत भागाखाली भक्कम स्टँड द्या. स्टँड बॉडीखाली हवेत. अ‍ॅक्सल मोकळा राहिला पाहिजे. अ‍ॅक्सलच्या मधोमध ट्रॉली जॅक ठेवा. आता अडचण अशी की, पूर्ण पाटे लावलेले असताना जॅकने अ‍ॅक्सल वर रेटला, तर पाटे दबण्याऐवजी गाडीच स्टँडवरून उचलली जाते, आणि ते धोक्याचे आहे. म्हणून दोन्ही बाजूंचे पाटे खोलून फक्त वरचा मुख्य पाटा ठेवावा आणि काढलेल्या पाट्यांच्या जाडीइतका लोखंडी किंवा सागवानी ठोकळा त्या जागी घालून यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. ठोकळा घातला नाही, तर प्लेटची जागा बदलते आणि पुढची सगळी मापे चुकतात. एकट्या मुख्य पाट्यावर अ‍ॅक्सल हळूहळू वरखाली करता येतो.

तीन स्थिती नोंदवायच्या आहेत. पहिली अर्थातच स्थिर उंची: रिम आणि कमान यांतले लिहून ठेवलेले अंतर जुळेपर्यंत जॅक वर घ्या. दुसरी पूर्ण वर गेलेली स्थिती, म्हणजे अ‍ॅक्सल रबरी बफरला (चाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकून रबर साधारण अर्धे दबते ती. बफर फाटलेले किंवा गायब असतील, तर नवीन लावल्याशिवाय हे माप घेऊ नका. तिसरी पूर्ण खाली लोंबलेली स्थिती. ही पूर्ण पाट्यांवर, जॅक काढून घेऊन मोजावी लागते, कारण एकटा मुख्य पाटा जास्त खाली जातो. म्हणून हे माप पाटे खोलण्याच्या आधीच घेऊन ठेवावे. तिन्ही स्थितींत ब्रेकचा रबरी होज ताणत नाही ना, हँडब्रेकची केबल कुठे अडकत नाही ना आणि प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा) वरच्या पत्र्याच्या बोगद्याला घासत नाही ना, हेही पाहून घ्या.

यानंतर अ‍ॅक्सल तिरका करून पाहावा: एक बाजू बफरपर्यंत वर, दुसरी जितकी खाली जाईल तितकी खाली. खड्ड्यात एक चाक जाते तेव्हा हीच स्थिती येते, आणि रुंद टायर, सायलेन्सरची नळी आणि शॉकअब्सॉर्बरची बाहेरची नळी यांची गाठ पडते ती इथेच. शॉकअब्सॉर्बरच्या बाहेरच्या नळीइतक्या जाडीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा दोन्ही टोकांच्या नियोजित जागांमध्ये तारेने बांधून ठेवला, तर कुठे किती मोकळी जागा उरते ते डोळ्यांनी दिसते. चहूबाजूंनी किमान १५ मिलिमीटर मोकळे असावे. सायलेन्सरजवळ याच्या दुप्पट ठेवले तर रबरी बुश आणि आतले तेल दोन्ही सुरक्षित राहतात.

लांबीचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा अ‍ॅक्सलची वर जाण्याची चाल ७५ मिलिमीटर आणि खाली येण्याची ६५ मिलिमीटर भरली, एकूण १४०. शॉकअब्सॉर्बर उभ्या रेषेपासून १५ अंश कललेला असेल, तर अ‍ॅक्सलच्या चालीच्या सुमारे ९६.६ टक्के चाल त्याच्या वाट्याला येते, म्हणजे १३५ मिलिमीटर. दोन्ही टोकांना १२-१२ मिलिमीटर राखीव धरले की साधारण १६० मिलिमीटर चालीचा शॉकअब्सॉर्बर हवा, हे ठरले. समजा त्या चालीच्या शॉकअब्सॉर्बरची डोळ्याच्या मध्यापासून डोळ्याच्या मध्यापर्यंत बंद लांबी २९० आणि उघडी लांबी ४५० मिलिमीटर आहे. मग स्थिर उंचीला दोन टोकांतले अंतर २९० अधिक १२ अधिक ७२.५, म्हणजे सुमारे ३७५ मिलिमीटर असले पाहिजे. गाडी उचलल्यावर ते ४३८ पर्यंत जाईल आणि पूर्ण उघडण्यापूर्वी १२ मिलिमीटर उरतील.

स्थिर उंचीला एकूण चालीच्या निम्मी किंवा त्याहून थोडी जास्त चाल दबण्यासाठी शिल्लक असावी, असा व्यवहारातला नियम आहे. वरच्या उदाहरणात ती निम्म्याहून थोडी जास्त पडते. गाडीत नेहमी चार-पाच माणसे बसत असतील, तर हा वाटा ६० टक्क्यांपर्यंत न्यावा. राखीव अंतराबाबत मात्र तडजोड करू नये. शॉकअब्सॉर्बर आतून तळाला आपटण्यापूर्वी रबरी बफर लागलाच पाहिजे. तसे झाले नाही, तर खड्ड्याचा सगळा मार पिस्टनच्या दांड्यावर आणि वरच्या पत्र्यावर येतो. दुसऱ्या टोकालाही तेच: लोंबणाऱ्या अ‍ॅक्सलला शॉकअब्सॉर्बरने धरून ठेवावे अशी रचना टाळावी, आणि लांबी कमीच पडत असेल तर अ‍ॅक्सल आणि बॉडी यांच्यामध्ये जाड पट्टा लावून खालची चाल आखडून घ्यावी.

अ‍ॅक्सल वर जाताना शॉकअब्सॉर्बरचा कल वाढत जातो, त्यामुळे ९६.६ टक्क्यांचा आकडा संपूर्ण चालीत तसाच राहत नाही. हिशेब दुकानात जाण्यापुरता पुरेसा आहे. शेवटचा शब्द तिन्ही स्थितींत प्रत्यक्ष मोजलेल्या अंतराचाच.

किती कलवायचे आणि किती बाहेर न्यायचे

बदललेल्या गाडीत शॉकअब्सॉर्बर खूप आडवे टाकण्याचा मोह होतो, कारण आडवा शॉकअब्सॉर्बर कुठेही मावतो. त्याची किंमत मोजावी लागते. कलल्यामुळे त्याची चालही कमी होते आणि त्याने दिलेल्या जोराचा उभ्या दिशेतला भागही कमी होतो, म्हणून परिणाम दोनदा घटतो. उभ्याच्या तुलनेत १० अंशांवर ९७ टक्के काम उरते, २० अंशांवर ८८, ३० अंशांवर ७५ आणि ४५ अंशांवर अवघे ५० टक्के. २० अंशांपर्यंतचा कल खुशाल द्यावा. ३० च्या पुढे गेलात, तर तितके कडक शॉकअब्सॉर्बर घ्यावे लागतील आणि बुशही लवकर झिजतील.

बाजूंच्या जागेचाही असाच हिशेब आहे. वळणावर गाडी झुकते तेव्हा खालचे टोक गाडीच्या मध्यरेषेपासून जितके दूर, तितके ते जास्त हलते. मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर ६०० मिलिमीटर असेल आणि खालचे टोक ४५० मिलिमीटरवर असेल, तर झुकण्याच्या हालचालीवर शॉकअब्सॉर्बरचा परिणाम सुमारे ५६ टक्केच उरतो. म्हणून खालचे टोक टायरला न घासता जितके बाहेर नेता येईल तितके न्यावे आणि मागून पाहताना वरची टोके थोडी आत झुकलेली ठेवावीत. दोन्ही बाजूंचे अंश सारखे असले पाहिजेत. बॉडीच्या मध्यावरून ओळंबा सोडून फरशीवर खडूने मध्यरेषा आखून घ्या आणि दोन्ही बाजूंची मापे त्या रेषेपासूनच घ्या. जुन्या गाडीत डावी-उजवी कड समान असेलच, असे गृहीत धरू नका.

जास्त ताकदीचे इंजिन बसवलेल्या गाडीत आणखी एक प्रश्न उभा राहतो. जोरात सुटताना अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळला जातो, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात आणि मागची चाके थरथर उड्या मारतात. यावर एक जुना उपाय म्हणजे एक शॉकअब्सॉर्बर अ‍ॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवणे. अमेरिकेत शेवरोले कंपनीने १९६८ च्या कॅमारोत हाच बदल केला होता. पुढे आणि मागे कललेले दोन शॉकअब्सॉर्बर त्या पिळण्याला विरोध करतात. मूळ पद्मिनीच्या इंजिनाला याची गरज नाही, पण दुपटीने ताकद वाढवली असेल तर जागा ठरवतानाच हा विचार करावा, कारण नंतर एका बाजूची ब्रॅकेट हलवणे म्हणजे सगळे काम पुन्हा करणे आहे.

खालचे टोक

खालचे टोक यू-बोल्टच्या प्लेटवर घेणे सर्वांत सोयीचे आहे. अ‍ॅक्सलच्या नळीला वेल्डिंग लागत नाही आणि प्लेट हवी तेव्हा काढता येते. नवीन प्लेट किमान ८ मिलिमीटर जाडीच्या लोखंडाची करावी, यू-बोल्टची भोके मूळ प्लेटवरून उतरवून घ्यावीत आणि त्यावर दोन कान असलेली ब्रॅकेट टेबलावर वेल्ड करून मगच गाडीला लावावी. बोल्ट एकाच कानातून बाहेर काढलेला असला, की प्रत्येक धक्क्याला तो वाकू पाहतो. दोन कानांमध्ये डोळा धरला की वाकण्याचा भार जवळजवळ नाहीसा होतो आणि कातरण्याचा भार दोन ठिकाणी विभागला जातो. मला स्वतःला एका कानाची ब्रॅकेट मान्यच नाही, मग ती कितीही जाड पट्टीची असो.

ब्रॅकेटचे खालचे टोक रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा वरच असले पाहिजे. टायर पंक्चर होऊन गाडी रिमवर आली, तर ब्रॅकेट रस्त्यावर घासता कामा नये. खाली बसवलेल्या गाडीत ही मर्यादा पहिल्यांदा ओलांडली जाते.

दुसऱ्या गाडीचा अ‍ॅक्सल घेतला असेल आणि त्याच्या नळीवरच ब्रॅकेट वेल्ड करायची असेल, तर सावकाश काम करा. नळी एका बाजूने तापली की त्या बाजूला खेचली जाते आणि चाकांचा कोन बदलतो. पंचवीस-तीस मिलिमीटरचा एक टाका, मग समोरच्या बाजूचा एक टाका, मध्ये नळी हाताला सोसेल इतकी थंड होऊ देणे, अशा क्रमाने जावे. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी शेजारी नळीलाच लावावा. तो गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावला, तर वीज बेअरिंगमधून वाहते आणि गोळ्यांवर सूक्ष्म डाग पडतात. आतले तेल आधी काढून घ्यावे आणि एक्सल शाफ्टचे सील काम झाल्यावर नवीन घालावेत.

वरचे टोक

मूळ वरची जागा सुस्थितीत असेल आणि हिशेबात बसत असेल, तर तीच वापरावी. ती बदलावी लागणार असेल, तर माझी पसंती आडव्या नळीला आहे. सुमारे ४० मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची सलग नळी डाव्या पेटी-भागापासून उजव्यापर्यंत टाकावी आणि वरच्या ब्रॅकेट तिच्यावर घ्याव्यात. दोन्ही बाजूंचे धक्के मग पत्र्यावर एका बिंदूत न पडता नळीमार्फत मोठ्या भागात वाटले जातात, आणि मागची बॉडीही थोडी ताठ होते. नळीची जागा ठरवताना अ‍ॅक्सलचा मधला गोलाकार भाग आणि प्रोपेलर शाफ्ट पूर्ण वर गेलेल्या स्थितीत तिला लागत नाहीत, हे पाहिलेच पाहिजे.

नळी पत्र्याला थेट वेल्ड करू नका. मूळ पत्रा फार तर एखाद-दीड मिलिमीटरचा असतो आणि ३ मिलिमीटरच्या नळीला पुरेल इतकी उष्णता दिली, की तो जळून भोक पडते किंवा टाक्याच्या कडेने कालांतराने चीर जाते. दोन्ही टोकांना ३ मिलिमीटर जाडीच्या, साधारण तळहाताएवढ्या, कोपरे गोल केलेल्या प्लेट करा, त्यांना नळी वेल्ड करा आणि त्या प्लेट पेटी-भागाला प्रत्येकी चार बोल्टने आवळा. पेटी पोकळ असल्यामुळे बोल्ट आवळताच तिच्या दोन भिंती एकमेकींकडे दबतात. हे टाळण्यासाठी प्रत्येक बोल्टच्या जागी पेटीच्या रुंदीइतक्या लांबीची, लेथवर कापून घेतलेली पोलादी नळकांडी आत बसवावी लागते आणि पलीकडच्या बाजूला तशीच प्लेट द्यावी लागते. हे काम किचकट आहे, पण तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. नळकांडीशिवाय आवळलेला बोल्ट आज घट्ट वाटला, तरी पत्रा दबत जाईल तसा तो सैल होत राहणार.

डिकीच्या तळाच्या पत्र्याला नुसता वॉशर आणि नट लावून शॉकअब्सॉर्बरची दांडी वर काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. रोजच्या वापराच्या गाडीत ती कृपया करू नका.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढा, मागच्या भागातली पेट्रोलची टाकी आणि तिच्या नळ्या गाडीपासून दूर न्या, सीट आणि गालिचे काढा, ओले पोते आणि अग्निशामक हाताशी ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच धोकादायक असते, कारण आत वाफ उरते. सगळ्या ब्रॅकेट आधी फक्त टाक्यांवर धरा, तिन्ही स्थिती पुन्हा तपासा आणि मगच पक्के वेल्डिंग करा. शेवटी उघड्या पत्र्याला प्रायमर, बाहेरून रंग आणि पेटीच्या आत मेणाचा फवारा द्यावा.

कोणता शॉकअब्सॉर्बर घ्यावा

दोन नळ्यांचा साधा तेलाचा शॉकअब्सॉर्बर या गाडीला पुरतो. तो सरळ बाजूनेच लावावा लागतो आणि फार आडवा चालत नाही. एका नळीचा गॅसचा शॉकअब्सॉर्बर उलटाही लावता येतो आणि सतत खराब रस्त्यावर जास्त वेळ टिकतो, पण आतल्या दाबामुळे गाडी किंचित वर उचलली जाते आणि गाडीत बसल्यावर थोडे कडक वाटते.

कडकपणाचा अंदाज असा काढता येतो. समजा एका मागच्या चाकावर पाट्यांवरचे वजन २०० किलो आहे आणि त्या बाजूचा पाटा दर मिलिमीटरला २० न्यूटन जोर देतो. हालचाल एकदाही न झुलता थांबवण्यासाठी लागणारे शमन (हालचालीला होणारा विरोध) दर मीटर प्रति सेकंद वेगाला ४,००० न्यूटन येते. रस्त्यावरच्या गाडीला त्याच्या साधारण ३० टक्के पुरते, म्हणजे १,२०० न्यूटन. शॉकअब्सॉर्बर ३० अंश कललेला असेल, तर तेच काम करायला १,६०० न्यूटनचा लागेल. उघडतानाचा विरोध दबतानाच्या विरोधापेक्षा जास्त असतो. पारंपरिक गाड्यांत तो दोन ते तीन पट ठेवतात. पाट्यांची संख्या कमी केली असेल किंवा त्यांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या पट्ट्या घातल्या असतील, तर पाट्यांच्या आपसातल्या घर्षणातून मिळणारे शमन गेलेले असते. अशा गाडीला मूळपेक्षा थोडा कडक शॉकअब्सॉर्बर लागतो.

स्प्रिंग गुंडाळलेले शॉकअब्सॉर्बर, ज्यांना कॉइलओव्हर म्हणतात, ते या जागी परस्पर लावू नयेत. साध्या शॉकअब्सॉर्बरच्या टोकांवर हालचाल असतानाच भार येतो. कॉइलओव्हर लावला की गाडी उभी असतानाही त्या कोपऱ्याचे वजन तिथे सतत टांगलेले राहते आणि खड्ड्यात ते कित्येक पट होते. त्यासाठी वरची रचना वेगळीच करावी लागते.

बसवणे आणि तपासणे

दोन नळ्यांचा नवीन शॉकअब्सॉर्बर गोदामात आडवा पडलेला असतो आणि त्याच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो सरळ उभा धरून पूर्ण उघडा, मग उलटा धरून पूर्ण दाबा. असे चार-पाच वेळा केले की झटका न लागता सलग विरोध जाणवतो. त्यानंतर तो आडवा ठेवू नका.

पाटे मूळ क्रमाने पुन्हा बांधून यू-बोल्ट आवळून झाल्यावर शॉकअब्सॉर्बर चढवावेत. डोळ्याच्या बुशमधून जाणारा १२ मिलिमीटरचा बोल्ट ८.८ दर्जाचा घ्यावा, त्याचा गुळगुळीत भाग दोन्ही कानांतून पार जाईल इतकी लांबी असावी आणि नट नायलॉनच्या कड्याचा, नवा असावा. बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे. गाडी चाकांवर उतरवून, दोन माणसे बसवून, स्थिर उंचीला आल्यावरच ते सुमारे ८० न्यूटन-मीटरला आवळायचे. अ‍ॅक्सल लोंबत असताना आवळले, तर चिकटवलेला रबरी बुश त्याच स्थितीत धरला जातो आणि गाडी उतरताच पिळून राहतो. असे बुश लवकर फाटतात. वरच्या टोकाला दांडी आणि दोन रबरी चकत्या असतील, तर रबर फुगून वॉशरच्या कडेपर्यंत आले की थांबावे.

पहिल्या फेरीपूर्वी पिस्टनच्या दांड्याभोवती प्लॅस्टिकची केबल टाय सैलसर बांधून ती नळीपर्यंत खाली सरकवून ठेवा. वर पत्र्याचे झाकण असलेल्या शॉकअब्सॉर्बरला हे करता येत नाही, तिथे बफरवर ग्रीसचा हात फिरवून त्याचा ठसा पाहावा. ओळखीच्या रस्त्यावर, गतिरोधकांवरून आणि एखाद्या मोठ्या खड्ड्यातून बेताच्या वेगाने गाडी नेऊन आणल्यावर टाय कुठे थांबली ते मोजा. दांड्याच्या टोकापाशी १२ मिलिमीटरहून कमी अंतर उरले असेल, तर बफर उंच करावा किंवा टोकांची जागा बदलावी. नंतर मागे तीन माणसे बसवून हीच चाचणी पुन्हा घ्या.

सुमारे १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, आडव्या नळीचे बोल्ट आणि चारही टोके टॉर्क रेंचने तपासा, आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. आडव्या नळीच्या प्लेटभोवती रंगाला बारीक चीर गेलेली दिसली, तर तिथला रंग घासून पत्रा उघडा करून पाहा. चीर रंगापुरतीच असेल तर परत रंगवा. पत्र्यात गेली असेल, तर गाडी बाहेर न काढता प्लेट मोठी करून घ्या.